काँग्रेसला विधानसभा परत मिळेल काय?

महाराष्ट्रातील काँग्रेस पक्षाची मंडळी जेथे जेथे जमतात तेथे तेथे एक वाक्य हमखास ऐकू येते, ते हे की, २०२४ चा पराभव हा केवळ अपघात होता आणि २०२९ साली विधानसभा पुन्हा आपल्या हाती येणार. आशा बाळगण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. पराभूत पक्षाने आशाच सोडली तर त्याने दुकानास कुलूप लावून किल्ली घरमालकाच्या स्वाधीन करावी हेच बरे. परंतु आशा दोन प्रकारची असते. पेरणी केलेल्या शेतकऱ्याची एक, आणि शेजाऱ्याचे पीक बुडेल या भरवशावर ओटीवर बसून राहिलेल्या मनुष्याची दुसरी. काँग्रेसची आशा या दोहोंपैकी कोणत्या जातीची आहे, याचा विचार आज कर्तव्य आहे. आम्ही त्या पक्षाचे भाट नाही, तसे त्याचे वैरीही नाही. ज्या पक्षाच्या राज्यात हे आमचे औद्योगिक नगर जन्मास आले, त्याचे पुढे काय व्हावयाचे हा प्रश्न चिंचवडच्या प्रत्येक नागरिकाचा आहे, मग त्याचे मत कोणासही पडो.

प्रथम हिशेब पाहू. कारण आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत, आणि खातेवही उघडल्यावाचून त्यांचे समाधान होत नाही. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या पहिल्या, म्हणजे १९६२ च्या निवडणुकीत २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसच्या होत्या. १९६७ साली २७० पैकी २०३ आणि १९७२ साली २२२. आणीबाणीनंतर पक्ष दुभंगला आणि १९७८ साली दोन्ही काँग्रेस मिळून १३१ पर्यंतच पोचल्या. १९८० साली इंदिरा काँग्रेसने २८८ पैकी १८६ जागा मिळविल्या. तेथून पुढची उतरण अशी: १९८५ साली १६१, १९९० साली १४१, १९९५ साली ८०, १९९९ साली ७५, २००४ साली ६९, २००९ साली ८२, २०१४ साली ४२, २०१९ साली ४४ आणि २०२४ साली १६. म्हणजे १९८० नंतरच्या नऊ निवडणुकांत आकडा वाढला तो दोन वेळाच, आणि त्यातही दुसऱ्या वेळी वाढ काय ती दोन जागांची! ज्या पेढीची उलाढाल चाळीस वर्षे अशी उतरत आली, तिच्या मालकाने शेवटच्या वर्षाच्या तोट्यास अपघात म्हणावे, हे कोणता मुनीम मान्य करील? गाडी एकदा घसरली तर तो अपघात. घाटभर घसरतच आली तर दोष ब्रेकचा की हाकणाराचा, हे पाहावयास नको काय?

यावर काँग्रेसवाल्यांचे उत्तर तयार असते. ते म्हणतात, १९९५ साली आम्ही हरलो आणि १९९९ साली परत आलो. २०१४ साली हरलो आणि २०१९ साली पुन्हा मंत्रिमंडळात बसलो. तसेच याही खेपेस होईल. आमच्या मते त्या पक्षाच्या दुखण्याचे मूळ नेमके याच उत्तरात आहे. १९९९ साली काय झाले ते नीट आठवावे. त्या वर्षी जून महिन्यात राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष निराळा निघाला आणि काँग्रेसच्या घराचे दोन भाग झाले. निवडणुकीत काँग्रेसला ७५ जागा मिळाल्या, म्हणजे १९९५ च्या पराभवात मिळाल्या होत्या त्यांपेक्षाही पाच कमी. तरीही विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. कारण शिवसेनेच्या ६९ व भारतीय जनता पक्षाच्या ५६ जागा मिळूनही बहुमत होत नव्हते, त्या दोघांचे मुख्यमंत्रिपदावरून आपसांत जुळेना, आणि निवडणुकीत एकमेकांविरुद्ध लढलेल्या दोन्ही काँग्रेस निकालानंतर एकत्र आल्या. २०१९ सालीही तोच प्रकार. भाजप व सेना यांना मिळून १६१ जागांचे स्पष्ट बहुमत मिळाले होते. मुख्यमंत्रिपदावरून त्यांचे बिनसले, आणि सभागृहात चौथ्या क्रमांकावर असलेला काँग्रेस पक्ष २८ नोव्हेंबर २०१९ रोजी सत्तेत भागीदार झाला.

दोन्ही वेळा सत्ता परत मिळाली, पण लोक परत मिळाले नव्हते. प्रतिपक्षाचे साक्षीदार आपसांत भांडले म्हणून एखाद्या वकिलाने दावा जिंकावा, आणि आपल्या युक्तिवादाचाच हा प्रभाव असे समजून पुढच्या दाव्याची तयारीच सोडून द्यावी, तशी ही गोष्ट झाली. प्रतिपक्षाचे साक्षीदार दर वेळी भांडत नाहीत. २०२४ साली ते भांडले नाहीत. आणि तयारी नसलेल्या वकिलाची जी गत व्हावयाची ती झाली.

त्या वर्षी या पक्षास यशाचा एक घोटही मिळाला होता, आणि तोच त्याला अधिक बाधला. जून २०२४ मध्ये लोकसभेचा निकाल लागला तेव्हा महाराष्ट्रातील ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीस मिळाल्या. त्यांत काँग्रेसच्या १३ होत्या. २०१९ साली ज्या पक्षाचा राज्यातून एकच खासदार निवडून आला होता, त्याला हे यश मोठे वाटावे यात नवल नाही. परंतु दोन्ही आघाड्यांस पडलेली मते जवळजवळ समसमान होती, ही गोष्ट विजयाच्या गुलालात कोणास दिसली नाही. कांद्याचा भाव, सोयाबीनचा भाव, राज्यघटनेविषयीची धास्ती, पक्षफोडीचा राग, अशी नाना कारणे एकत्र येऊन ती मते पडली होती. ती उसनी मते होती आणि त्यांची मुदत थोडी होती. सत्ताधाऱ्यांनी हे लगोलग ओळखले. जूनअखेरच्या अर्थसंकल्पात त्यांनी मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आणली आणि निवडणुकीपूर्वीच बायकांच्या खात्यांत दरमहा दीड हजार रुपयांप्रमाणे पैसे पडू लागले.

येथे विरोधी पक्षाचे कर्तव्य काय होते? राज्याच्या तिजोरीवर हा भार कसा पडणार, कोणत्या खात्याचा पैसा त्याकडे वळणार, घरातील बाईच्या हाती रोख रक्कम जाणे इष्ट असेल तर ते कायम टिकावे म्हणून काय तरतूद हवी, हे प्रश्न विचारावयाचे होते. त्याऐवजी आधी योजनेवर टीका झाली, आणि मग निवडणुकीच्या जाहीरनाम्यात तीन हजार रुपयांचे आश्वासन आले. समोरच्यांनी दीडाचे एकवीसशे म्हटले, यांनी तीन हजार म्हटले. हा विरोध नव्हे, हा लिलाव झाला. आणि लिलावात ज्याच्या हाती थैली आहे त्याच्यावर, नुसत्या तोंडाने बोली वाढविणाऱ्यापेक्षा लोकांचा विश्वास अधिक बसतो, हे बाजारपेठेतील कोणीही लहान दुकानदार सांगू शकला असता. २० नोव्हेंबरला मतदान झाले. सुमारे शंभर जागा लढवून काँग्रेसला सोळा मिळाल्या. बाळासाहेब थोरात संगमनेरात आणि पृथ्वीराज चव्हाण कऱ्हाड दक्षिणेत पडले. प्रदेशाध्यक्ष नाना पटोले साकोलीत निवडून आले ते अवघ्या २०८ मतांनी.

आता आमच्या चिंचवडचाच दाखला घेऊ. पराभवाचे खापर फोडण्यास महाराष्ट्रात सर्वांत सोयीस्कर जागा म्हणजे मतविभागणी. आमची मते फुटली म्हणून आम्ही हरलो. एकास एक लढत झाली असती तर जिंकलो असतो, असे प्रत्येक पराभूत उमेदवार म्हणतो. चिंचवडने हा दावा प्रयोगशाळेत घालावा तसा तपासून दिला आहे. आमदार लक्ष्मण जगताप जानेवारी २०२३ मध्ये निवर्तले आणि २६ फेब्रुवारीस पोटनिवडणूक झाली. भाजपच्या अश्विनी जगताप यांस १,३५,६०३ मते मिळाली. आघाडीतर्फे राष्ट्रवादीचे नाना काटे यांस ९९,४३५. आणि अपक्ष राहुल कलाटे यांस ४४,११२. काटे व कलाटे यांची बेरीज १,४३,५४७ होते, म्हणजे विजयी उमेदवारापेक्षा सुमारे आठ हजारांनी अधिक. झाले! कलाटे उभे नसते तर चिंचवड आमचे होते, असा निकाल आघाडीच्या सर्व पंडितांनी त्याच संध्याकाळी देऊन टाकला. पुढे पावणेदोन वर्षांनी, २०२४ च्या निवडणुकीत, तेच राहुल कलाटे शरद पवार यांच्या राष्ट्रवादीतर्फे आघाडीचे अधिकृत उमेदवार झाले. जिच्यामुळे गणित चुकले म्हणत होते ती अडचण दूर झाली. निकाल काय लागला? भाजपचे शंकर जगताप एक लाखाहून अधिक मतांनी निवडून आले.

यावरून शिकावयाचे ते हे की, मते म्हणजे गोदामातील पोती नव्हेत, की इकडची थप्पी तिकडे लावली म्हणजे बेरीज कायम राहते. मतदार हा जिवंत मनुष्य आहे. अपक्षास मत देणारा मनुष्य पक्षास मत देईलच असे नाही. पोटनिवडणुकीत रागाने मत देणारा सार्वत्रिक निवडणुकीत हिशेबाने देतो. निवडणुकीच्या वर्षी नेत्यांच्या बंगल्यांवर बसून केलेली बेरीज ही कागदावरची बेरीज होय. उरलेल्या चार वर्षांत गल्लीत, चाळीत, गृहसंस्थेत, कारखान्याच्या दारात जी बेरीज होते तीच मतपेटीत उतरते.

आणि या बेरजेत काँग्रेस होती कोठे? २०२४ साली चिंचवड, पिंपरी व भोसरी या तिन्ही मतदारसंघांत आघाडीच्या वाटणीप्रमाणे काँग्रेसचा उमेदवारच नव्हता. मतदानयंत्रावर हाताचा पंजा दिसलाच नाही. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत १२८ जागांपैकी एकही या पक्षास मिळाली नव्हती. आणि हे कोणत्या शहरात? पंडित नेहरूंच्या राजवटीत ज्याच्या माळावर १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला, यशवंतराव चव्हाणांच्या काळात ज्यास औद्योगिक वसाहत मिळाली, १९७० साली काँग्रेसच्याच अण्णासाहेब मगरांनी ज्याची नगरपालिका घडविली, त्या शहरात! बापाने बांधलेल्या वाड्यात मुलास एक खणही राहू नये, असे हे झाले आहे. हे एका दिवसात झालेले नाही. आघाडी करावयाची म्हणून एकेक मतदारसंघ दुसऱ्यास देत जावे. दिलेल्या मतदारसंघातील कार्यकर्त्यास पाच वर्षे काम नसावे. काम नसलेला कार्यकर्ता ज्याच्याकडे काम आहे त्याच्याकडे जावा. आणि मग येथे आमचे बळ नाही म्हणून ती जागा पुन्हा दुसऱ्यास द्यावी, अशा क्रमाने ही संपत्ती विकली गेली आहे.

चिंचवडच्या पोटनिवडणुकीच्या दिवशीच पुण्यात कसबा पेठेतही पोटनिवडणूक झाली होती. तेथे काँग्रेसचे रवींद्र धंगेकर सुमारे अकरा हजार मतांनी निवडून आले आणि भाजपचा कित्येक वर्षांचा बालेकिल्ला ढासळला. त्या विजयाचा अर्थ पक्षाने काय लावला? वारा फिरला, असा लावला. वस्तुतः तो विजय वाऱ्याचा नव्हता. लोकांच्या दारी रोज जाणाऱ्या एका नगरसेवकाचा तो विजय होता. पक्षाने त्यातील रीत उचलावयाची ती न उचलता जयघोष तेवढा उचलला. २०२४ साली कसबा परत गेला. भोर व पुरंदर याही जागा गेल्या आणि पुणे जिल्ह्यातील २१ मतदारसंघांत काँग्रेसचा एकही आमदार उरला नाही. इतक्यावरच गोष्ट थांबली नाही. २०२५ च्या मार्चमध्ये धंगेकर एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत गेले, एप्रिलमध्ये भोरचे संग्राम थोपटे भाजपमध्ये गेले आणि जुलैमध्ये पुरंदरचे संजय जगताप यांनीही तोच मार्ग धरला. तिघेही पराभवानंतर वर्ष पुरे होण्याच्या आत सत्ताधारी गोटात! जाणारांस दोष देणे सोपे आहे, आणि तो दिलाही पाहिजे. परंतु ज्या पक्षात सत्तेवाचून एक वर्ष काढणे मातबर मंडळींसही जड जाते, त्या पक्षाने आपल्याजवळ सत्तेखेरीज दुसरे काय आहे, हा प्रश्न स्वतःस विचारावयास नको काय?

एका आक्षेपाचा येथे परामर्श घेतला पाहिजे. मतदारयाद्यांत घोळ झाला, लोकसभा व विधानसभा यांच्या मधल्या पाच महिन्यांत नावे अवास्तव वाढली, अखेरच्या तासांतील मतदानाचे आकडे संशयास्पद आहेत, अशी तक्रार काँग्रेसने केली. निवडणूक आयोगाने ती फेटाळली. निवडणूक निर्मळ असली पाहिजे आणि तिच्याविषयी शंका आली तर आयोगाने कागद उघडे करून शंका फेडली पाहिजे, याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. शंकेखोर म्हणून तक्रारदाराची थट्टा करणे हे उत्तर नव्हे. परंतु कायद्याचा अभ्यासक म्हणून आम्हांस हेही सांगणे भाग आहे की, १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने निकालापासून ४५ दिवसांत निवडणूक अर्ज करण्याची वाट ठेवली आहे, आणि तेथे भाषण चालत नाही, पुरावा लागतो. पुरावा केंद्रावर बसलेल्या प्रतिनिधीकडून येतो. यादीतील नाव आणि घरातील माणूस ताडून पाहणाऱ्या कार्यकर्त्याकडून येतो. ज्या पक्षाकडे निम्म्या केंद्रांवर बसावयास माणूस नाही, त्याची तक्रार खरी असली तरी ती सिद्ध कशी व्हावी? म्हणजे याद्यांच्या वाटेने गेलो तरी आपण त्याच मुक्कामास पोचतो: गल्लीत माणूस पाहिजे.

यावर आमचा एखादा व्यापारी वाचक म्हणेल की, काँग्रेस राहो की जावो, आमचे काय अडले आहे? जो पक्ष राज्यावर आहे त्याच्याशी जुळवून घ्यावे आणि आपला धंदा पाहावा. या प्रश्नास आम्ही कुदळवाडीचे उत्तर देतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी व चिखली भागातील भंगाराची गोदामे, लहान कारखान्यांच्या शेडी व दुकाने मिळून चार हजारांहून अधिक बांधकामे थोड्याच दिवसांत पाडली. बांधकामे अनधिकृत होती, नदीत घाण जात होती, आगी लागत होत्या, हे महापालिकेचे म्हणणे आम्ही असत्य म्हणत नाही. परंतु ती बांधकामे एका रात्रीत उगवलेली नव्हती. ती उभी राहात असताना कोण गप्प होते, यंत्रसामग्री हलविण्यास पुरेसा अवधी का नव्हता, पर्यायी जागा कोणती, हे प्रश्न सभागृहात विचारणारा नगरसेवक त्या दिवशी नव्हता. कारण सभागृहच नव्हते. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, आणि नवे निवडण्यासाठी मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. जवळजवळ चार वर्षे या शहराचा कारभार प्रशासकाने केला. शहराचा नवा विकास आराखडादेखील मे २०२५ मध्ये त्याच स्थितीत प्रसिद्ध झाला. ज्याच्या दुकानावरून आराखड्यातील रस्त्याची रेघ गेली त्याने अर्ज करावा आणि वाट पाहावी. जाब विचारणारा नसला म्हणजे कारभार वेगाने चालतो खरा. पण तो कोणाच्या अंगावरून चालतो, हे ज्याच्या अंगावरून जातो त्यासच कळते.

जी गोष्ट महापालिकेची तीच विधानसभेची. २०२४ च्या निवडणुकीनंतर २८८ सभासदांच्या विधानसभेत शिवसेनेच्या ठाकरे पक्षाचे २०, काँग्रेसचे १६ आणि शरद पवार यांच्या राष्ट्रवादीचे १० सभासद होते. एकाही पक्षाजवळ दशमांश संख्या नाही, म्हणून विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी राहिली; डिसेंबर २०२५ च्या नागपूर अधिवेशनात तर दोन्ही सभागृहांत हे पद रिकामे होते. वास्तविक या पदाच्या वेतनभत्त्यांचा १९७८ चा राज्याचा जो कायदा आहे, त्यात विरोधी पक्षांपैकी सर्वांत मोठ्या पक्षाचा अध्यक्षांनी मान्य केलेला नेता एवढीच व्याख्या आहे. दशमांशाची अट त्यात नाही. त्याहूनही जुना दाखला पाहावा. १९६२ साली २१५ काँग्रेसवाल्यांसमोर शेतकरी कामगार पक्षाचे अवघे १५ सभासद होते, दशमांशाच्या कितीतरी खाली. तरी त्या पक्षाचे कृष्णराव धुळप यांनी विरोधी पक्षनेतेपद सांभाळले. १९७२ साली त्या पक्षाचे सातच सभासद आले, तरी दिनकर पाटील विरोधी पक्षनेते झाले. त्या वेळच्या सत्ताधाऱ्यांनी पंधरांस व सातांस दिलेला मान आजच्या सत्ताधाऱ्यांनी विसांस द्यावयास हवा होता, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यात त्यांचे औदार्य नव्हे, कर्तव्य आहे.

परंतु याच इतिहासात काँग्रेससही एक धडा आहे. पंधरांनी आणि सातांनी जर सभागृह जागते ठेवले, तर सोळांनी आम्ही फार थोडे आहो असे रडगाणे गाऊ नये. संख्येवाचून वजन कसे पडते हे पाहावयाचे असेल तर याहून मागे जावे. १९०१ साली मुंबईच्या कौन्सिलात जमीन महसुलाच्या कायद्यात शेतकऱ्यास जाचक अशी दुरुस्ती आली, तेव्हा फेरोजशहा मेहता, गोपाळराव गोखले प्रभृती मूठभर सभासद सरकारचा निषेध करून सभागृहाबाहेर पडले. दुरुस्ती मंजूर झाली. सरकारी बहुमतापुढे दुसरे काही होणारच नव्हते. पण लोकांचा पक्ष कोणता आणि सरकारचा कोणता, हे त्या दिवशी देशास दिसले. पुढे १९३७ ची निवडणूक आली तेव्हा तिच्या आधी दोन महिने काँग्रेसने आपले अधिवेशन मुंबईस किंवा पुण्यास न भरविता खानदेशातील फैजपूर या खेड्यात भरविले. आधी खेड्यात गेले, मग विधिमंडळात गेले. आणि बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. १९३९ साली त्याच मंत्रिमंडळाने तत्त्वासाठी राजीनामे दिले, मंडळी तुरुंगात गेली, आणि १९४६ साली लोकांनी त्यांस अधिक मतांनी परत आणले. सत्ता सोडूनही पक्ष वाढतो याचा दाखला हवा असेल तर तो काँग्रेसच्या स्वतःच्याच दप्तरात आहे. दुसऱ्यांच्या दारी जाऊन शिकण्याचे कारण नाही.

तर मग करावे काय? फेब्रुवारी २०२५ मध्ये हर्षवर्धन सपकाळ यांजकडे प्रदेशाध्यक्षपद देऊन पक्षाने मनुष्य बदलला. रीतही बदलली पाहिजे. पहिली गोष्ट, सोळा सभासदांनी सरकारची खाती आपसांत वाटून घ्यावी आणि प्रत्येकाने एकेका खात्याचा असा अभ्यास करावा की, मंत्र्यास त्याच्या प्रश्नाची धास्ती वाटावी. कागद फाडण्याने आणि पायऱ्यांवर बसून छायाचित्रे काढून घेण्याने वजन पडत नाही. दुसरी गोष्ट, जागावाटप निवडणुकीच्या महिन्यात न करता दोन वर्षे आधी करावे, म्हणजे ज्यास लढावयाचे आहे त्यास लोकांत राहण्यास अवधी मिळेल. जी जागा मित्रपक्षास दिली तेथेही आपल्या कार्यकर्त्यास नेमून दिलेले काम असावे. तिसरी गोष्ट, महापालिका व जिल्हा परिषदा ही पक्षाची शाळा आहे. ती बंद ठेवून विधानसभेची परीक्षा देता येत नाही. जानेवारी २०२६ मध्ये आमच्या शहराची सत्ता भाजपकडेच राहिली, पण त्याच निवडणुकीत लातुरात काँग्रेसला यश मिळाले. जेथे माणसे टिकली होती तेथे मते टिकली, याहून सरळ पुरावा कोणता?

चौथी गोष्ट सर्वांत कठीण. आपल्या राजवटीचा हिशेब या पक्षाने लोकांपुढे प्रामाणिकपणे ठेवला पाहिजे. पवना जलवाहिनीच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात द्रुतगती मार्गावर शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन तिघे मृत्यू पावले, तेव्हा राज्य काँग्रेस आघाडीचे होते. गुंठा-अर्धा गुंठा घेऊन घर बांधलेल्या कामगाराच्या मानगुटीवर शास्तीकर बसला तोही त्याच राजवटीतील कायद्याने. तो माफ झाला २०२३ साली, विरोधकांच्या राजवटीत. या दोन गोष्टींनी आमच्या भागात काँग्रेसची व तिच्या मित्रांची जितकी मते घालविली, तितकी कोणत्याही फुटीने घालविली नाहीत. चुकीची कबुली देणारा पक्ष लहान होत नाही. नोव्हेंबर २०१९ पासून या शहराच्या नळास दिवसाआड पाणी सुरू झाले. कामगार वस्तीतील बाई आणि गृहसंस्थेतील गृहस्थ दोघेही टँकरचे पैसे मोजू लागले. पाणी, मावळचा शेतकरी आणि शहराची तहान यांचा मेळ कसा घालावा, यावर जो पक्ष आकडे व योजना घेऊन दारोदार जाईल, त्याचे चिन्ह कोणते हे लोक मागाहून विचारतील.

तेव्हा काँग्रेसला विधानसभा परत मिळेल काय, या प्रश्नास आमचे उत्तर असे आहे: सत्ताधारी पक्षांचे आपसांत बिनसेल, कोणीतरी फुटेल, कोठेतरी बेरीज जुळेल, या आशेने मिळावयाची असेल तर ती न मिळालेलीच बरी. तशी मिळालेली सत्ता १९९९ नंतर पंधरा वर्षे टिकूनही पक्षास आतून पोखरून गेली, आणि २०१९ नंतर तर अडीच वर्षांतच हातची सुटली. लोकांत राहून, सभागृहात अभ्यासाने बोलून, पराभवात माणसे टिकवून मिळवावयाची असेल तर ती मिळू शकेल; २०२९ साली न मिळाली तर त्याच्या पुढच्या खेपेस मिळेल, आणि मिळेतोपर्यंतच्या काळात राज्यास एक खराखुरा विरोधी पक्ष लाभेल. ज्या चिंचवडच्या चापेकर बंधूंनी परक्या राज्याशी झगडताना आपले प्राण दिले, तेथील लोकांस स्वराज्याचा अर्थ सांगावयास नको. राज्य आपल्या माणसांचे असणे हा त्याचा अर्धा अर्थ. त्या राज्यास जाब विचारता येणे हा उरलेला अर्धा. हा दुसरा अर्धा भाग राखण्याचे काम मतदाराचेही आहे. म्हणून पुढच्या वेळी कोणत्याही पक्षाचा उमेदवार दारी येईल तेव्हा त्याने काय देणार हे विचारण्यापूर्वी, गेल्या पाच वर्षांत तुम्ही आमच्यासाठी कोणास काय विचारले, हा प्रश्न आमच्या वाचकांनी त्यास अवश्य विचारावा.